उत्तर नाही, एवढंच लिहा

रफिकभाऊ गेल्याचा फोन एटापल्लीहून आला तेव्हा मी म्हणाले, "एकाच्या सांगण्यावर मी मानत नाही." पलीकडचा माणूस चिडला असेल. पण हा नियम भाऊंचाच होता... मग दुसरा फोन आला, सिरोंच्याच्या राजन्ना सरांचा. आमचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्यांनी फोन केला म्हणजे खरंच असणार.

भाऊंचं एटापल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गावांच्या वनहक्क दाव्यांचे कागद वाळवीने खाल्ले तेव्हा मी पत्रक काढलं. भाऊंनी भंगारातून तीन कॉम्प्युटर जुळवले. एक दुकानात, एक सरांकडे, एक चिमूरला माझ्याकडे. तिन्हींत सगळे कागद सारखे, आणि नवा कागद निदान दोघांनी मान्य केला तरच पक्का. वीज जाणार, रेंज जाणार, एखादं मशीन बसणार, हे धरूनच त्यांनी सगळं मांडलं होतं. मी पत्रकांवर वाढलेली; मला एक मुख्य केंद्र हवं होतं, आणि ते अर्थातच चिमूरला. बेचाळीसच्या चिमूर क्रांतीपासून आमचा तसा समज आहे. भाऊ हसले. "तुयं केंद्र पडलं का तुयी क्रांती बी पडन. इथी कोणीच मुख्य नाई. मी बी नाई."

एकदा सिरोंच्याचं मशीन तीन दिवस गप्प होतं. मी नोंदीत लिहिलं, "सिरोंचा मेला", आणि सरांच्या बेजबाबदारपणावर जळजळीत पत्रकही वाटलं. चौथ्या दिवशी मशीन बोलायला लागलं. सर लग्नाला गेले होते आणि त्यांची कोंबडी ऊब बघून राऊटरवर बसली होती. तिच्या पायाने वायर निघाली होती. भाऊ माझ्यावर खवळले. "मेला काऊन लिहिलं? तुले चिमुरातून काय दिसते? मेला, का झोपला, का रेंज गेली? 'उत्तर नाही', एवढंच लिहा, सगळेच." मला शुद्धिपत्रक काढावं लागलं, कोंबडीच्या उल्लेखासकट. सरांनी ते जपून ठेवलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

तिन्ही मशीन सारखी एकमेकांना विचारत असत, आहेस का. भाऊंनाही तीच सवय लागली होती. रोज सकाळी नऊला फोन. "आहेस काय वं?" आहे म्हटलं की ठेवून देत. विषय संपला.

भाऊंचं दुकान बंद झालं; आता दोनच मशीन चालू आहेत. म्हणजे सरांचं आणि माझं जमलं नाही, तर एकाही गावाचा दावा पुढे सरकणार नाही. पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या नावात काना आहे की नाही यावर आम्ही अर्धा तास भांडलो. मी त्यांना हेकेखोर म्हणाले, ते मला पत्रकबाज म्हणाले... आणि दोघांनी दावा मान्य केला. शेवटी काना असल्याचं निघालं. सरांचं बरोबर होतं. हे मी इथे छापून देते आहे.

स्क्रीनवरच्या यादीतली बंद मशीनची ओळ काढून तिसरं नेमायला हवं, हे आम्हा दोघांना कळतं. त्यालाही दोघांनी संमतीचं बटण दाबावं लागतं. सर आपल्या तेलुगू वळणाने म्हणतात, "अम्मा, तू दाब आधी." मी म्हणते, "तुम्ही मोठे, तुम्ही दाबा."

रोज नऊला फोन वाजतो. "अम्मा, आहेस काय?"

"आहे, सर."

स्क्रीनवर तिसऱ्या ओळीपुढे लिहिलेलं असतं, उत्तर नाही. त्याहून जास्त काही लिहायला भाऊंची मनाई आहे.