डॉक्टरकाका आणि ओपलची खाण

डॉक्टरकाका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, दातांकडे बघून बोलत. आम्ही अमेरिकेत बॉइझीला राहायला गेलो त्याच आठवड्यात शेजारची मेधा त्यांना घेऊन ओळख करून द्यायला आली. मी हसून "या ना काका" म्हटलं. ते उंबऱ्यातच थांबले, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "डावीकडून चावत नाहीस तू. कधीपासून?" मी चाटच पडले. डावी दाढ कित्येक महिने ठणकत होती आणि भीतीपोटी मी ते माझ्या नवऱ्याला, मंदारलाही सांगितलं नव्हतं. मेधा ओशाळून म्हणाली, "बाबा, प्लीज!" काका लगेच गप्प झाले. पण जाताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "दाखवून घे. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं."

सांगलीत त्यांचा दाताचा दवाखाना होता. काकू केसपेपर लिहायच्या, काका दात बघायचे. काकू अचानक गेल्या आणि वर्षभरात काकांनी दवाखाना विकून टाकला. मेधा एकुलती एक. इथे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती, एकटीच राहायची. ती वडिलांना घेऊन आली. येताना काकांनी सामानात दोन गोष्टी हट्टाने आणल्या होत्या, काकूंचा फोटो आणि दात कोरायची स्टीलची हत्यारं. काकूंनीच शिवलेल्या कापडी गुंडाळीत ती ओळीने खोचलेली असत. इथे त्यांना प्रॅक्टिस करायची परवानगी नव्हती, आणि नियम म्हणजे नियम. मराठी मंडळींच्या पॉटलकला, ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी आ वासून "काका, जरा बघा ना" म्हणत पुढे आलं की ते मान फिरवून सांगत, "मिटा तोंड. माझं इथे लायसन नाही." पण बोटं मात्र स्वस्थ बसत नसत. कुणाच्याही घरी गेले की डाळिंब मागून घेत आणि सोलत बसत. एक दाणा फुटायचा नाही. तासभर चालायचं ते. कुणी म्हटलं, "काका, राहू द्या आता," की ठरलेलं उत्तर यायचं, "घाई कशाची? पेशंट कुठे पळून चाललाय?"

बापलेकीचं एकमेकांशी बोलणं मात्र मोजकं होतं. गोळ्या घेतल्या का, हीटर वाढवू का, भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच. भांडण कधी ऐकू आलं नाही, हसणंही नाही. एकदा आम्ही दोघी चालायला गेलो असताना मेधा आपणहून बोलली. बारावीनंतर तिला डेंटलला ॲडमिशन मिळाली तेव्हा काकांनी दवाखान्यात तिच्यासाठी दुसरी खुर्ची बसवून घेतली होती. एक वर्ष करून तिने ते सोडलं आणि इंजिनियरिंगला गेली. खुर्चीवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही.

"त्यावरून अजून राग आहे का त्यांचा?" मी विचारलं.

"तो त्यांचा राग. माझा वेगळा आहे." तिने चालण्याचा वेग वाढवला. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा मी इथे होते. फोनवर सांगितलं होतं, मी निघालेय, माझ्यासाठी थांबा. पोचले तेव्हा अंत्यसंस्कार उरकून घर धुऊन झालं होतं. आयुष्यात या माणसाने कधी कशाची घाई केली नाही, यार. एकदाच केली."

कोपऱ्यावरून आम्ही परत फिरलो.

ओपलच्या, म्हणजे आतून रंग चमकणाऱ्या रत्नांच्या, खाणीचं वेड मंदारचं. बॉइझीहून दक्षिणेला, नेवाडाच्या हद्दीत शिरलं की मैलोन् मैल करड्या झुडपांचं ओसाड रान लागतं. तिथे एका वयस्क बाईंच्या मालकीची खाण आहे. सकाळी पैसे भरायचे, दिवसभर खणायचं आणि सापडेल ते घरी न्यायचं. फार पूर्वी तिथे जंगल होतं. ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, लाकूड कुजून गेलं आणि त्या पोकळीत ओपल तयार झाला. त्यामुळे तिथला दगड कधी डहाळीच्या आकाराचा निघतो, कधी सालीचा पोत घेऊन येतो. मंदार निघाला तेव्हा मी सहज काकांना विचारलं, "येता का? उन्हात बसायची तयारी हवी." काका म्हणाले, "घरात तरी मी काय करतोय?"

तिथे सगळे कुदळ-फावडी घेऊन मातीच्या कड्यावर तुटून पडले होते. मंदारचाही घाव बसला आणि काच फुटल्यासारखा आवाज आला. त्याने वाकून बघितलं तर हिरव्या-तांबड्या ठिणग्यांचा चुरा मातीत सांडलेला. काकांनी तो चुरा तळहातावर घेतला. मेलेलं पाखरू उचलावं तसा. "अरे, ठोकतोस काय? हा काय खडक आहे?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून ती कापडी गुंडाळी काढली, कड्यासमोर उकिडवे बसले आणि एक बारीक आकडा घेऊन माती कोरायला लागले. दुपारपर्यंत त्यांचा हात एवढाच भाग कोरून झाला होता. त्यातून बोराएवढा एक खडा निघाला, अख्खा. त्यांनी त्यावर पाणी मारलं आणि उन्हात धरला. आत निळा रंग हलला, मग हिरवा. काका कितीतरी वेळ बघत राहिले. ओळख झाल्यापासून त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

असे तीन उन्हाळे आम्ही त्यांना नेलं. खाणीवरचे लोक त्यांना 'डॉक' म्हणायला लागले. कुणाचा खडा मातीत अर्धवट अडकला की काकांना हाक यायची. काका जायचे, गुडघे टेकून बसायचे आणि दगड मोकळा करून ज्याचा त्याच्या हातात द्यायचे. मालकीणबाईंनी त्यांना शिकवलं होतं की तिथला ओपल वाळला तर तडकतो, म्हणून पाण्याच्या बरणीत ठेवायचा. काकांच्या खिडकीत अशा बरण्या उभ्या राहिल्या. मेधा त्यांतलं पाणी बदलायची. "एकदा चल ना," मी तिला दर वेळी म्हणायचे. "काम आहे गं," ती म्हणायची.

चौथ्या उन्हाळ्यात काका म्हणाले, "तुम्ही जाऊन या." मला वाटलं, कंटाळले असतील. मग एकदा चहा देताना बघितलं, बशी त्यांच्या हातात खुळखुळत होती. त्यांनी ती पटकन टेबलावर ठेवली आणि हात खिशात घातला. पार्किन्सन्स होता. घरात कुणाला कळायच्या आधी त्यांना स्वतःला कळलं होतं. "चाळीस वर्षं याच हाताने लोकांच्या तोंडात सुई घातली," ते खिशाकडे बघत म्हणाले. "आता डाळिंब फुटतं."

काकांचं हे बोलणं मी मेधाला सांगितलं. तिने फोनमधलं कॅलेंडर उघडलं. मग म्हणाली, "खाण बंद कधी होते?"

"थंडी पडली की."

"मी रजा टाकते. आपण जाऊ."

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही गेलो. आभाळ निरभ्र होतं आणि वारा गार. कड्यासमोर छत्री रोवून मेधाने काकांना घडीच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि एक मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः खणायला लागली. काका बघत होते. ती जोरात खुपसत होती, मातीची ढेकळं पडत होती. त्यांना ते सहन होत नव्हतं हे दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. अचानक ढेकळामागे काळसर लाकडासारखी एक रेघ दिसली. मी पाणी मारलं. रेघेच्या टोकाशी लाल ठिणगी पेटली.

"थांब," काका म्हणाले.

मेधाचा हात थांबला. काकांनी मांडीवरची गुंडाळी उलगडली. त्यांना हवं ते हत्यार दोनदा हातातून निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. टोक हवेत थरथरत होतं.

"पेन धरतेस तसं. आणि तिसरं बोट..."

"टेकवायचं. माहितीये बाबा."

"माहीत असणारच. एक वर्ष शिकलीस तू."

त्या वर्षाचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. मेधाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा कड्याकडे. तिने तिसरं बोट मातीवर टेकवलं आणि कोरायला सुरुवात केली. काका खुर्चीतून पुढे झुकले. "खालून ये. दगडाला लागू देऊ नकोस, मातीलाच लागू दे. हं. आता आवाज बदलला, ऐकलास? तिथून मागे ये." ती तसं तसं करत गेली. मंदार आणि मी आमची कुदळ ठेवून दिली होती. डबे उघडायचंही कुणाला सुचलं नाही.

दगड अर्धा मोकळा झाला होता. काका बोलायचे थांबले. मला वाटलं, दमले. मग ते म्हणाले, "मेधा, तुझ्या आईच्या वेळी मी थांबायला हवं होतं."

मेधाचा हात चालत राहिला.

"सगळे म्हणत होते थांबू या, मुलगी येतेय. मीच ऐकलं नाही. मला ती तशी पडलेली बघवत नव्हती गं. तुझा विचारच आला नाही मनात. तू आलीस, दारात उभी राहिलीस, तेव्हा कळलं मी काय केलं ते. नंतर कसं बोलायचं तेच समजेना."

"बाबा," मेधा म्हणाली. "आत्ता नका बोलू. हात हलेल माझा."

ती कोरत राहिली. गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण त्यासाठी हात काढावा लागला असता. ऊन कड्यावरून उतरायला लागलं तेव्हा दगड सुटला. अंगठ्याएवढा, काळा, एका बाजूला सालीच्या रेघा. तिने तो धुतला आणि काकांच्या उघड्या तळहातावर ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे रंग एका जागी ठरेचनात. तांबडा, हिरवा, पुन्हा तांबडा. मेधाने खालून आपला हात लावला. हात शांत करायला नव्हे, नुसता लावला. दोघं तशीच बसून राहिली. मी आणि मंदार सामान भरायच्या निमित्ताने गाडीकडे गेलो.

पुढच्या वर्षी मंदारची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला आलो. निघताना काका अंथरुणाला खिळले होते. बोलणं अस्पष्ट झालं होतं. मेधाने घरून काम करायची परवानगी घेतली होती. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ती त्यांचे दात घासत होती. मऊ ब्रश, एक एक दात, मागेपर्यंत. मला बघून काका काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. मेधा हसून म्हणाली, "म्हणतायत, वरची मागची राहिली." मी पाया पडले. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. मेधाने तो उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

ते फेब्रुवारीत गेले. मला जाता आलं नाही. बर्फाच्या वादळाने विमानं बंद होती. सगळं पार पडल्यावर एका संध्याकाळी मेधाचा फोन आला. मी सांत्वनाचे शब्द जुळवत होते, पण तिला ते नको होते. ती एकदम म्हणाली, "तुला माहितीये, लहानपणी माझा पहिला दात पडला तेव्हा बाबांनी काय केलं?" आणि सांगायला लागली. मग सायकल शिकवली ते, पुरात दवाखान्यात पाणी शिरलं तेव्हा दोघांनी मिळून केसपेपर माडीवर नेले ते, आईशी भांडण झालं की बाबा कसे तिच्या खोलीत येऊन उगाच पंखा दुरुस्त करत बसायचे ते. बोलता बोलता ती हसत होती, मध्येच थांबत होती, नाक ओढत होती. इतक्या वर्षांत मेधाच्या तोंडून मी सांगली अशी कधी ऐकली नव्हती. ओट्यावर कुकर लावायचा राहिला होता. खिडकीबाहेरचा पार्किंग लॉट अंधारत गेला.

शेवटी ती म्हणाली, "बोअर झालीस का? अजून सांगू?"

"सांग ना," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.