भाचीचा वरचा दात

आता काय सांगू तुम्हाला, हसू नका म्हणून सांगूनही तुम्ही हसणारच, तेव्हा सांगूनच टाकतो.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धा म्हटलं की माझं भाषण सुरू! आणि असा मी माणूस एका दातानं गारद झालो.

माझी धाकटी बहीण स्वाती कोरेगावहून आठ महिन्यांच्या चिऊला घेऊन माहेरी आली होती. चिऊ मांडीवर पडून दुधाची बाटली चोखत होती. मध्येच हसली, आणि वरच्या हिरडीवर मला पांढरं टोक दिसलं. खालच्या हिरडीवर मात्र काहीच नाही!

"आई, हिला वरचा दात आधी आला!"

आईनं कपाळाला हात लावला. "आरं देवा! वरचा दात आदी म्हंजे मामाला वंगाळ!"

"आई, कसल्या खुळचट समजुती या!" असं म्हणून मी हसलो खरा, पण पंख्याखालून उठलो. उगाच कशाला?

दुसऱ्या दिवशी गाडी घरी ठेवून कॉलेजात चालत गेलो. वाटेत बैल दिसला, तर रस्ता बदलला. बैल बिचारा कडबा खात होता! संध्याकाळी आईच्या सांगण्यावरून चिऊसाठी चांदीची वाटी आणली. मामानं वाटी दिली की संकट टळतं म्हणे. एवढं करूनही धीर निघेना, तेव्हा सगळ्यांना घेऊन थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"मॅडम, हा दात काढूनच टाका!"

त्यांनी चिऊच्या तोंडात डोकावून पाहिलं. ओल्या कापसानं हिरडी पुसली. दात कापसावर आला!

"सर, ही दुधाची साय आहे. दात अजून आलेलेच नाहीत. बाटली तोंडात ठेवूनच झोपते का ही?"

"व्हय," स्वाती म्हणाली. "साखर घातल्याबिगार पीत न्हाई. दादानंच सांगितलं, साखर घाल म्हणून."

विज्ञानाचा मास्तर खुर्चीत बारीक झाला.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गोड दूध तोंडात राहिलं, की दात येताच कीड लागते. आणि बाटली पुढं दोन-तीन वर्षं सुटली नाही, तर पुढचे दात ओठांबाहेर येऊ शकतात."

आईला काही हे पटेना. "आवं डॉक्टरीणबाई, ह्यो आमचा पाच वर्साचा हुईस्तवर बाटली सोडत नव्हता. काय झालं त्याला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे म्हणजे नेमकं कुठं, ते सांगायला हवं का? लग्नाच्या फोटोत आधी माझे दात आलेत, मागून मी! ओठ मिटायचा प्रयत्न केला. मिटतील तर शपथ!

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "हिच्या बाबतीत अजून सगळं आपल्या हातात आहे. आतापासून वाटी-चमच्यानं पाजा, साखर बंद करा, आणि दूध पाजल्यावर हिरड्या ओल्या फडक्यानं पुसा."

खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं! माझं जे झालं ते झालं, पोरीचं तर टळलं. चिऊ चार दिवस रडली, मग चांदीच्या वाटीतून दूध प्यायला लागली. पुढं खालच्या हिरडीवर दोन दात आले, तांदळाच्या कणीएवढे. स्वातीनं फोटो पाठवला, आणि सगळी हकिकत सांगत तो मी कॉलेजभर दाखवत फिरलो.

पण सवय का एवढ्यात सुटते? परवा प्राचार्यांची मीटिंग ऐन रंगात आली होती आणि कोरेगावहून व्हिडिओ कॉल आला.

"दादा, बाटलीसाठी लय रडतीया रं! जरा दात दाखव!"

"अगं, मीटिंग चालू आहे!"

"दाखव की!"

काय करणार? तिथंच दात विचकले. चिऊनं डोळे विस्फारून पाहिलं, रडायची थांबली आणि मुकाट्यानं वाटीतलं दूध प्याली.

फोन ठेवून मान वर केली. प्राचार्य माझ्या तोंडाकडंच बघत होते. त्यांनी ओठाला लावलेला गोड चहाचा कप हळूच खाली ठेवला.