निरीक्षक दोन

पडद्यावर तक्ता होता. एक किलोच्या वजनाची आमची तपासणी किती खात्रीची, ते सांगणारा. तापमान, हवेचा दाब, काटा, एकेकामुळे किती फरक पडू शकतो त्याचा आकडा. आमच्या शास्त्रात त्याला अनिश्चितता म्हणतात. शेवटी दोन ओळी होत्या. निरीक्षक एक, म्हणजे माझा सहकारी. निरीक्षक दोन, म्हणजे मी. माझ्यापुढचा आकडा त्याच्या तिप्पट, म्हणजे माझ्या हातावरचा भरवसा तितका कमी.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, एवढा फरक कशामुळे?

विभागप्रमुख हसले. "यांचे वडील नालवाडीहून बाजारात भाजी आणतात. घरी झुकतं माप द्यायची सवय. हात सुधारायला वेळ लागतो."

सगळे हसले. सहकारी हसला. मीही हसले.

ते माझं हसणं मला अजून जाळतं. आठ वर्षं मी वर्ध्याच्या त्या प्रयोगशाळेत काढली होती. काट्याच्या खोलीत माणसाच्या अंगाची ऊबही काट्याला कळते. चिमट्यानं वजन ठेवायचं, मागं सरायचं, थांबायचं. बोलायचं नाही. त्या खोलीत मला एकटं वाटायचं नाही. त्या दिवशी भरल्या सभागृहात वाटलं.

डबा न उघडताच घरी आले. मायनं विचारलं, "जेवली काऊन नाई?" मी डबा तसाच ठेवून बाहेर आले. बाबा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते जुडी बांधतच राहिले. मग म्हणाले, "पह्यले काटा बरोबर करतो मी. वरचं देतो ते मोजून झाल्यावर, माह्या मर्जीनं. त्या साहेबाले मोजनं आन् देनं यातला फरक नाई समजत काय?"

आठ वर्षं अचूक मोजमाप शिकले होते मी. हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणीच्या जुन्या वह्या काढल्या. एकच वजन, एकच काटा. सहकाऱ्याची मोजणी एका कागदावर, माझी दुसऱ्या. पुन्हा पुन्हा मोजताना दोघांची मोजणी सारखीच विखुरलेली होती. माझी थोडी कमीच. तीनदा तपासलं. मला माझ्या बाजूचं काही काढायचं नव्हतं. खरं काय ते हवं होतं.

कागद घेऊन विभागप्रमुख सरांकडे गेले. त्यांनी ते नीट पाहिले. आकडे चूक आहेत असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "सगळंच मोजून ठरत नाही. काही गोष्टी अनुभवानं ठरवाव्या लागतात."

हे शास्त्राला धरून आहे. जे मोजता येत नाही, ते अनुभवानं ठरवतात. पण त्याचंही कारण लिहावं लागतं. तो नियम त्यांनीच मला शिकवला होता.

मी म्हणाले, "मग सर, कारण लिहा. बाप भाजी विकतो, असं लिहा. मी सही करते."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. बाहेर जा म्हणाले.

अहवाल माझ्या सहीशिवाय गेला. याच तपासणीवर लिहिलेल्या शोधनिबंधातून माझं नाव गेलं, माझी मोजणी राहिली. मला अभिलेख खोलीत बसवलं. काट्याच्या खोलीची किल्ली काढून घेतली. सहकारी एकदा जिन्यात भेटला. हळूच म्हणाला, तुझं बरोबर आहे, पण मला घरदार आहे. तेव्हापासून तोही दुसऱ्या जिन्यानं जातो. चहाच्या वेळेला कुणी हाक मारत नाही. कधीकधी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. कामावरून निघताना भाजीवाल्या बाईशी उगाच बोलत उभी राहते.

बदली मागून घे, असं सुचवलं गेलं. मी अर्ज दिला नाही. वह्यांच्या नकला काढल्या, दोघांची मोजणी समोरासमोर मांडली, निबंध छापणाऱ्या मासिकाला आणि वरच्या कार्यालयाला पाठवली. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. उत्तर आलेलं नाही.

येईल न येईल. माझी चूक असेल तर मोजून दाखवा, मी मान्य करीन. बापाच्या धंद्यावरून ठरवलेला आकडा मी मान्य करणार नाही. माझ्यापुढचा नाही, दुसऱ्या कुणापुढचाही नाही. आणि पुन्हा कुणी तसं बोललं, तर मी हसणार नाही.