शलाकाचे पाहुणे

शलाका मुजुमदारचं नाव निघालं की कॉलेजात अजून कुणीतरी म्हणतं, "हेकट बाई. परदेशी प्रोजेक्ट घालवला." ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी तिच्याच प्रयोगशाळेत काम करते. काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शलाका इंदोरच्या परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढली. बंद पडलेल्या कापड गिरण्यांतल्या म्हाताऱ्या कामगारांची फुफ्फुसं तपासायला बाहेरच्या देशातलं एक श्रीमंत विद्यापीठ आमच्याकडे आलं. मशीन त्यांचं, पैसा त्यांचा, काय विचारायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. आमच्याकडून त्यांना हवी होती फक्त उघडी दारं. ती शलाकाने उघडून दिली. घरोघरी ती एवढंच सांगायची, "आपले पाहुणे आहेत." इंदोरात पाहुण्याला जाब विचारत नाहीत, पोहे देतात. लोकांनी रक्त दिलं, नळीत फुंकलं. सह्या त्यांच्या कागदावर केल्या, पण भरवसा हिच्यावर ठेवला. पाहुण्यांच्या अटी न विचारता तिने तो ठेवू दिला, तिथेच ती चुकली.

त्याच गल्लीतल्या गंगूबाईंच्या घरची तर ती लेकच. पाहुण्यांना फुलाफुलांच्या कपबशीत चहा मिळायचा आणि हिला आत ओट्यापाशी, घरच्यांसारखा स्टीलच्या पेल्यात. गंगूबाईंचे यजमान पांडुरंग गिरणीतले. धापा टाकत त्यांनी नळीत फुंकलं आणि विचारलं, "रिपोर्ट कब तक येईल, बेटा?"

"मी आणून देते ना, काका."

रिपोर्ट आला नाही. शलाका मेलवर मेल पाठवत राहिली. उत्तर यायचं, नियमात बसत नाही. त्यांचा शोधनिबंध मात्र छापून आला. त्यात शलाका कुठे, तर शेवटी, आभारात. तोवर पांडुरंग गेले.

मग दुसऱ्या टप्प्यासाठी तीच मंडळी हसत हजर. आमचे प्राचार्य त्यांच्यापुढे गोंडा घोळत होते. शलाका त्यांना सरळ गंगूबाईंकडे घेऊन गेली, मीही होते. गंगूबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "आमच्या यांच्या सांसमध्ये काय निघालं होतं?"

शलाकाने ते इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या प्रमुख बाई गोड आवाजात म्हणाल्या, "एकेकाचा निकाल द्यायचं ठरलेलं नव्हतं. माहिती विद्यापीठाची असते."

"श्वास यांच्या नवऱ्याचा होता," शलाका म्हणाली. "यापुढे निकाल आधी या गल्लीत येईल. काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू. आत्ता लिहून द्या."

"ते शक्य नाही."

शलाका गंगूबाईंकडे वळली. "काकू, हे माझे पाहुणे नाहीत."

गल्लीला एवढं पुरलं. पुन्हा एकही दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. प्रोजेक्ट गेला, आणि बरं झालं गेला. दुसऱ्याच्या घरात शिरून, हवं ते उचलून, वर त्याला सहकार्य म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

पण मला सलतं ते वेगळंच. ती मंडळी गेल्यावर शलाका सवयीने आत ओट्याकडे निघाली. गंगूबाईंनी तिला अडवलं. "तुम्ही बाहेरच बसा, मॅडमजी." आणि तिच्यापुढे ट्रे ठेवला. चहा फुलांच्या कपबशीत होता.