मौलवीसाहेबांचा दंड

परवा माझ्या धाकट्या बहिणीला, शमाला, शेवटची आंघोळ घालताना कापराच्या पाण्याचा वास दाटून आला. तिच्या डाव्या दंडावरचा देवीच्या लसीचा गोल व्रण बोटांना लागला आणि हात तिथेच थांबला.

आम्ही लहान असताना पिंपरीतल्या आमच्या कामगार वस्तीत देवीची लस टोचणाऱ्या नर्सबाई आल्या की अम्मी कडी लावून घ्यायची. माझा भाऊ तापानं गेला होता, आणि लसीनं ताप येतो हे तिनं ऐकलं होतं.

एक दिवस नर्सबाईंबरोबर मशिदीतले मौलवीसाहेब आले, म्हणून दार उघडलं. अम्मी पडद्याआड उभी राहिली.

"बच्चीला ताप चढवायला आलात होय?"

मौलवीसाहेबांनी उंबऱ्यातच बाही वर केली. "आधी मला टोचा, बाई."

त्यांच्या चेहऱ्यावरचे वण पाहून नर्सबाई पुटपुटल्या, "तुम्हाला कशाला? तुम्हाला देवी येऊन गेल्यात."

"तरी टोचा."

सुई लागताच ते हसले. "मुंगी चावली, बस्स! ताप आलाच, तर भाभी, काढा तुम्हीच पाठवायचा."

पडद्याआडून शमाचा इवलासा दंड पुढे आला.

देवी येऊन गेलेल्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. मौलवीसाहेबांना ते ठाऊक असणारच. पण त्यांचा वणांचा चेहरा अम्मीनंही कितीदा पाहिला होता; त्यांना टोचून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळलं असणार. मग तिनं शमाला पुढे का केलं? ते विचारायचं राहूनच गेलं.

त्या व्रणावर मी पाणी जरा सावकाश ओतलं.