डावा कौल आणि जवसाची चटणी

"डोळे मीट आणि माझ्याकडं बघ," असं ती प्रत्येक पोराला सांगायची. डोळे मिटलेलं पोर बघणार कसं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. पोर गोंधळून तोंड वासायचं आणि तेवढ्यात चमचाभर माशाचं तेल आत गेलेलं असायचं. मागोमाग गुळाचा खडा. तोंड वाकडं करायलाही सवड नाही.

ती आमच्या भागातली नर्स. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मी रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मास्तर होतो. पोरं शेतकऱ्यांची, बाप मुंबईला, हातापायांच्या काड्या. सकाळी पेज पिऊन यायची आणि पाढे म्हणता म्हणता पेंगायची. शहरातल्या एका डॉक्टरांच्या मनात आलं की अशा पोरांना रोज माशाचं तेल द्यावं. अंग धरतील, अभ्यासातही लक्ष लागेल. मेंदूला म्हणे तसली चरबी लागते. माझा काडीचा विश्वास नव्हता. पण तेल फुकट होतं आणि पाजायला नर्स येणार होती. माझं काय जात होतं?

बाई घाटावरची, कोल्हापूरकडची. आवाज असा की पलीकडच्या वाडीला शाळा भरल्याचं कळावं. तिच्या "बगा की"वर पोरं फिदीफिदी हसायची आणि तीही त्यांच्यात हसायची. काम आटोपलं की फाट्यावर परतीच्या एसटीची वाट बघत बसायची. दोन-चार पोरं सोबतीला जायची. लांबून गाडी दिसली की ती विचारायची, "कुठली गं ती? पाटी वाचून सांग."

शेवंती नावाची मुलगी बरोबर सांगायची. मला कौतुक वाटलं, कारण वर्गात तिला दोन अक्षरं जुळवता येत नव्हती. मग कळलं, लबाड पोरगी हॉर्नवरून गाडी ओळखायची.

या शेवंतीपाशीच घोडं अडलं. ती तेल घेईना. तिचा बाप मुंबईहून कित्येक महिने आला नव्हता, पत्रही नव्हतं. धनी उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत मासळी तोंडाला लावायची नाही, असा आईनं गावदेवीला नवस बोललेला. स्वतःसाठी आणि लेकीसाठीही. नर्सबाई घरी जाऊन औषध म्हणून सांगून थकली. "त्याल झाला तरी मासलीचाच ना वो बाय?" आई म्हणाली. वर हेही ऐकवलं की वर्षअखेरीपर्यंत पोरीला वाचता आलं नाही, तर तिला मुंबईला आत्याकडं पोरं सांभाळायला पाठवणार.

बाई फणफणत माझ्याकडं आली. म्हणाली, आता देवीलाच विचारते. मी म्हटलं, नसत्या भानगडीत पडू नका. ऐकते कसली. गुरवाला गाठून तिनं भर देवळात कौल लावायला लावला. तुम्हाला ठाऊकच आहे, देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं साऱ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं, "शाळेतल्या पोरांना माशाचं तेल द्यावं की न द्यावं?" विचारायचं होतं एकट्या शेवंतीचं, तिचं नावच राहिलं! टपकन डावी कळी पडली.

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा ओठ घट्ट मिटून बसली. मी संतापलो. इतक्या महिन्यांचं काम एका कळीपायी बुडालं, असं तिला तोंडावर सुनावलं. तिनं मान खाली घातली. संध्याकाळी पुन्हा देवळात गेली, गुरवाकडून गाऱ्हाणं आधी म्हणून घेतलं आणि मगच कौल लावला. ज्यांचा नवस नाही त्यांना चालेल का? उजवी पडली. पोरांनी तोंडं उघडली.

शेवंतीचं तोंड मात्र बंदच.

"देवी माशाच्या तेलाला नको म्हणाली. जवसाचं कोण बोललंय?" बाई मला म्हणाली. डॉक्टरांना विचारून आली होती. जवसातही तशाच जातीची चरबी असते, पण माशाइतकी लागू पडेल की नाही सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. सुट्टीला गावी गेली ती पिशवीभर जवस घेऊन आली. आमच्याकडं जवस कोण खातंय? तिनं भाजून, लसूण-मिरची घालून चटणी कुटली आणि रोज सकाळी भाकरीबरोबर शेवंतीला समोर बसवून खाऊ घातली. भाकरीही स्वतःच्याच डब्यातली. "डोळे मीट आणि माझ्याकडं बघ," हे चटणीलाही होतंच.

पोरगी पेंगायची थांबली. मग अक्षरं जुळवू लागली. जवसानं, भाकरीनं, की कुणीतरी रोज समोर बसतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही आलं नाही.

परीक्षेच्या आधीच बाईची बदली झाली, तिच्याच मुलखात. आम्ही सगळे फाट्यावर गेलो. कोल्हापूरची जलद गाडी तिथं आपणहून थांबत नसे, पाटी वाचून लांबूनच हात केला तरच थांबे. तिच्या हॉर्नची शेवंतीला ओळख नव्हती. बाईनं तिला वळणावर उभं केलं. शेवंतीची आईही बाईच्या ट्रंकेशेजारी उभी होती.

एक गाडी आली. "सांगली," शेवंती हॉर्नवरूनच ओरडली. ती जाऊ दिली. मग दुसरी आली. पोरगी पाटीकडं बघत राहिली, ओठ हलले, पण आवाज फुटेना. मला वाटलं, अडली. पण ती अडली नव्हती. "को-ल्हा-पू-र," तिनं हळू आवाजात वाचलं आणि रडायला लागली. आईनं तोंडाला पदर लावला. आत्याकडं पाठवायचं पुन्हा कधी निघालं नाही.

मी हात केला, गाडी थांबली. पोरीनं वाचलं याचा आनंद मानावा की बाई चालली याचं दुःख, मला कळेना. ट्रंक वर गेली. बाई पायरीवरून वाकली आणि सवयीनं म्हणाली, "डोळे मीट आणि माझ्याकडं बघ."

शेवंतीनं डोळे मिटले. गाडी वळणापलीकडं गेली तरी ती तशीच उभी होती.