दोन्ही हातांनी

"दोन्ही हातांनी!" हाच त्याचा नमस्कार. आंबीच्या आमच्या कारखान्यात हजेरीचा कागद एका हाताने पुढे केला, तर हा साहेब घेतच नसे. मालकांनी यंत्रं बघायला पाठवलं, म्हणून आठ दिवस चीनला जाऊन आला होता. आठ दिवस! लेक माहेरी आली तरी त्याहून जास्त राहते.

तेव्हापासून दर सोमवारी कॅन्टीनमध्ये शिकवणी. "जुन्या चीनमध्ये," म्हणून तो चष्मा पुसायचा. तिथं म्हणे मान द्यायचा तर देणं-घेणं दोन्ही हातांनी, आणि थोरल्याने घास घेतल्याशिवाय धाकटा जेवत नसे. बरं मग? आमच्याकडे काय कुत्र्याला आधी वाढतात? आणि हा स्वतः साठी उलटलेल्या वॉचमनआबांना "ए, गेट उघड" म्हणायचा.

एकदा म्हणाला, "जुन्या चीनमध्ये बाप गेला की मोठा अधिकारीसुद्धा नोकरी सोडून घरी बसायचा. जवळजवळ तीन वर्षं! अंगावर जाडंभरडं पांढरं कापड. याला म्हणतात संस्कार." चष्मा काढून डोळे टिपले हो त्याने. काय ते नाटक!

त्याच महिन्यात माझे वडील गेले. मी थोरला, दहाव्याचा पिंड माझ्या हातचा. रजेचा अर्ज दोन्ही हातांनी दिला, बरं का.

"तीन दिवस," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी आला नाहीस, तर परत येऊच नकोस."

घरात दुसरा कमावता नव्हता. दहाव्याला धाकट्याने नदीवर पिंड ठेवला, तेव्हा मी मशीनवर उभा होतो. त्याबद्दल मी साहेबाला आजही माफ केलेलं नाही.

दोन वर्षांनी त्याची आई वारली. साहेब आमच्याच भागातला, आंदर मावळातला निघाला! आम्हाला कधी पत्ता लागू दिला नव्हता. पाचव्या दिवशी आम्ही चौघं भेटायला गेलो. पुढे तो कामावर परतलाच नाही, म्हणून तीच शेवटची भेट. वाटभर मी एकच वाक्य घोकत होतो: "साहेब, काल चौथा दिवस होता. आला नाहीत?"

तो घोंगडीवर बसला होता. डोकं भादरलेलं, चष्मा नाही. त्याची मावशी माझ्या हातात तांब्या देत म्हणाली, "तुमी तरी पाजा रं ह्याला. सकाळधरनं पानी बी घेतलं न्हाई."

मी तांब्या पुढे केला. एका हाताने. मुद्दामच.

त्याने वर पाहिलं. मला ओळखलं. मग दोन्ही हात पुढे करून तांब्या घेतला.